कडूत लपलेलं कडू

सोम., २४ मार्च
मंचरच्या दवाखान्यातून घरी. हातावर सलाइनचे निळे डाग, पोटात अजून आग. शनिवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या, शेवटच्या दोन रक्ताच्या. घरात एकच पालुपद, ऊन लागलं, पित्त झालं. यांचं (म्हणजे आमच्या ह्यांचं) म्हणणं, मशिनवर बसून बसून होतं असं. मशिनवर बसून रक्ताची उलटी होत असती तर घोडेगावात एक टेलर उरला नसता.
पोटात काय गेलं ते मला माहीत आहे. भाऊजींच्या, म्हणजे माझ्या दिराच्या, गाडीवरचा ज्यूस. कारलं, कडुनिंब, दुधी. घरच्यांना फुकट.

मंगळ., २५
दवाखान्यात डॉ.बाईंनी पहिलंच विचारलं होतं, "दुधी कडू होता का?" म्हटलं, अख्खा ग्लासच कडू होता, त्यात दुधीचं काय वेगळं कळणार? मग म्हणाल्या, तिथंच घात झाला.
कारल्याचा कडूपणा वेगळा, दुधीचा वेगळा. कारलं जन्माचं कडू, ते आपण पिढ्यान् पिढ्या खातोय. रक्तातल्या साखरेवर त्याचा उपयोग होतो का ते अजून तपासतायत, म्हणून डायबेटिसवाल्यांनी गोळी सोडायची नाही. दुधी मात्र कडू निघाला की सरळ फेकायचा, ते विषच. विचारलं, मग औषध कुठलं नि विष कुठलं? तर म्हणाल्या, दुधीतल्या त्या विषाचासुद्धा औषध म्हणून अभ्यास चालतो, पण तिथं कणाकणानं मोजतात. आपण ग्लास भरून पितो.
आणि भाऊजींच्या गाडीवर बोर्ड आहे, 'जितकं कडू तितकं गुणकारी'. रंगवायला मीच माणूस गाठून दिला होता.

गुरु., २७
सकाळी ग्राउंडवर गेले, भाऊजींची गाडी तिथंच असते. भाऊजींना एवढंच सांगितलं, पिळायच्या आधी प्रत्येक दुधीचा काप चाखा, कडू लागला तर थुंका आणि तो दुधी टाका. माझी आई काकडीसुद्धा चाखल्याशिवाय चिरायची नाही.
"वहिनी, एवढी माणसं पित्यात, तुमालाच कसं बाधलं?"
"तो एक कडू दुधी माझ्याच ग्लासात आला."
"गिऱ्हाइकासमोर चाखत बसलो तर लोक म्हणतील, मालात खोट हाये."
घरी आल्यावर हे म्हणाले, जाऊ दे, घरातली गोष्ट आहे. घरातली आहे म्हणून तर विष फुकट मिळालं, म्हटलं. जेवण न करता उठले. उठू देत.

रवि., ३० (पाडवा)
गुढी उभारली. कडुनिंबाचा प्रसाद आला तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, ही खाते का. दोनदा मागून घेतला. माझं कडूशी वैर नाही, कारल्याची भाजी आजही करते. न चाखता पाजण्याशी वैर आहे.
सासूबाई म्हणाल्या, "मंग माझ्या लेकाच्या धंद्याला का आडवी जाती?"
त्या रोज स्टीलचा पेला घेऊन गाडीवर जातात. गुडघे हलके झाले म्हणतात. मला जे झालं ते त्यांना झालं तर त्यांचं शरीर सोसणार नाही. भीती वाटते. सांगितलं तर म्हणतात, "लेक काय आईला इख देईल व्हय?"
देणार नाही हो. पण त्याला कळायला तर पाहिजे.

बुध., २ एप्रिल
हे मध्ये पडले. भाऊजी चाखायला कबूल!! बघायला उभी राहिले. काप तोंडात टाकला, "ग्वाड हाये." मी चाखला, खरंच बरा होता. मग शंका आली. भाऊजी गाडी उघडली की पहिला ग्लास स्वतः पितात, कारल्याचा. गुपचूप कारल्याची चकती दिली. चावून म्हणाले, "काय इशेष न्हाई."
त्या जिभेला दुधी काय कळणार, कपाळ!
म्हटलं, उद्यापासून मी चाखणार. शिलाईचं दुकान उशिरा उघडेन.

शनि., ५
रोज सहाला हजर, हातात सुरी. एक पाटील म्हणून आहेत, रोज फिरायला येतात, ते म्हणाले, "वहिनी, पाणीपुरीच्या गाडीवर पण लक्ष ठिवा राव." हसले सगळे. मीही हसले आणि काप थुंकला.
दुधी सगळे गोड. भाऊजींच्या मिशीत हसू. एखादा कडू निघावा असं मनात आलं. आलं ते आलं.

मंगळ., ८
निघाला.
जिभेला लागताच कळलं, कडू. थुंकले, चूळ भरली, तरी जाईना. ऊन फार आहे, वेल सुकतायत, अशात दुधी कडू निघणारच. म्हटलं, हा टाका. भाऊजींनी काप चावला, "कुठं कडू हाये?" लोक जमलेले. सासूबाई पेला घेऊन उभ्या.
भाऊजी इरेला पेटले. त्या एकट्या दुधीचा रस काढला, ग्लास भरला. "सगळ्यांम्होरं पितो. मला काय झालं न्हाई, तर वहिनी, उद्यापासून हितं दिसायचं न्हाई."
मला फक्त गप्प बसायचं होतं. तासाभरात अख्ख्या गावाला कळलं असतं की मी खरी.
ग्लास ओठाला लागला आणि मी हातावर फटका मारला. सगळं मातीत. उरलेला दुधीही पायाखाली चिरडला.
"बघा, भ्याल्या!" भाऊजी ओरडले. लोकही तसंच समजले.

बुध., ९
ह्यांनी ताट वेगळं वाढून घेतलं. जाऊबाई दुकानात येऊन शिवायला टाकलेली दोन ब्लाउजं परत घेऊन गेल्या, अर्धवट शिवलेली. भाऊजी म्हणे सांगत फिरतायत, खोटं उघडं पडणार म्हणून वहिनीनं ग्लास पाडला.
पुरावा मीच सांडला, कबूल. रडू आलं, ते रागाचं होतं. पण पुन्हा ग्लास ओठाला लागला तर पुन्हा सांडीन. खरी ठरायला मला दीर आजारी पाडायचा नाही.
आज मुद्दाम गेले. भाऊजींनी सुरी दिली नाही, मी घरची नेली होती. दुधीची पिशवी गाडीखाली लपवलेली. ओढून काढली, एकूण एक चाखले. कोणी अडवलं नाही. सासूबाई आल्या नव्हत्या.
संध्याकाळी भाकऱ्या थापत होते तर सासूबाई चुलीपाशी येऊन बसल्या. म्हणाल्या,
"लई कडू व्हता का गं त्यो?"
"लई."
पेला घासून पालथा घातला आणि झोपायला गेल्या. उद्या तो घेऊन गाडीवर येणार का, मी विचारलं नाही. मी जाणार आहे.