सेंट बार्बराच्या गांधीलमाश्या

केल्टन, पेनसिल्व्हेनिया
सप्टेंबर, सोमवार सकाळ

थोरली बहीण जेनेव्हीव्ह हिस,

धाकट्या आल्दोनाचा मनापासून नमस्कार. तू, वॉल्टर आणि तुमचं ते मांजर (त्याचं नाव मी लिहीत नाही, मांजराला पोपचं नाव दिलेलं आपल्या शाळेच्या सिस्टर इमॅक्युलाटांना खपलं नसतं) फ्लोरिडाच्या उकाड्यात सुखरूप असाल अशी आशा करते. नव्या खुब्यावर जिना चढायला लागलीस का? वॉल्टरची साखर आटोक्यात आहे, की तो अजून डोनट अर्धा कापतो आणि मग दोन्ही अर्धे खातो? सोफ्याशेजारचा, तुझ्या जुन्या बिगुलाचा केलेला तुमचा दिवा नीट चालतो ना? सहज विचारते आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय तरुण बाईचं आहे. गुडघे कोणाचे आहेत ते त्यांनी सांगितलं नाही.

पत्र लिहिण्याचं कारण असं की ही बातमी तुला डोलोरेसकडून फोनवर कळण्याआधी माझ्याकडून कळावी. डोलोरेस ती रडत सांगेल, आणि रडताना तिचं निम्मं बोलणं कळत नाही. बातमी अशी : आपलं ढोल-बिगुलांचं सेंट बार्बरा कन्या पथक आता राहिलं नाही. ते वेल्श रिजच्या हॉर्नेट्समध्ये विलीन झालं आहे. होय, त्याच हॉर्नेट्समध्ये. ज्या गांधीलमाश्यांच्या पथकाने आपल्याला स्पर्धेत हरवून वर आपल्या बसच्या टपावर मेलेला मासा ठेवला होता (आणि ज्यांच्यातला एक ढोलवाला तू नवरा म्हणून घरी आणलास, या दोन पथकांचं पहिलं विलीनीकरण ते तुमचं लग्न, आणि त्याही वेळी चर्चमध्ये दोन बाजूंचे लोक एकमेकांकडे पाठ करूनच बसले होते).

आता हे कसं झालं ते नीट सांगते. सुरुवात रेजिनाच्या अंत्ययात्रेपासून झाली. तुला खुब्यामुळे येता आलं नाही, आणि मी तेव्हा तुला फक्त एवढंच लिहिलं की सगळं व्यवस्थित पार पडलं. व्यवस्थित काही पार पडलं नाही. आपला रिवाज तुला माहीत आहे : पथकातली बाई गेली की चर्चच्या दारापासून कोळशाच्या ढिगाऱ्याच्या वळणापर्यंत पूर्ण पथक वाजवत जातं, वळणावर ढोल थांबतात, आणि तिथून पुढे एकच बिगुल वाजतो. आईच्या वेळी तो तू वाजवलास. तेव्हा आपली रांग इतकी लांब होती की पुढच्या मुली वळणावर पोचल्या तरी मागच्या अजून चर्चच्या पायऱ्यांवर होत्या. रेजिनाच्या वेळी आम्ही पाच जणी होतो, बाकीच्यांना कामावरून सुटका नव्हती किंवा गुडघे नव्हते. डोलोरेसचा छोटा ढोल, माझ्या झांजा, फलक धरणाऱ्या दोघी, आणि बिगुलाला मार्सेला, जिची कवळी वरच्या सुराला सुटते. आम्ही आपल्या ताठ मानेने चाललो होतो. तेवढ्यात मागून एक मोटार आली, आतल्या बाईने काच खाली केली आणि अगदी प्रेमाने विचारलं, “आजी, मिरवणूक कुठून सुरू होते?”

डोलोरेस म्हणाली, “बाई, हीच ती.”

त्या बाईने “अगं बाई, सॉरी हं” म्हणून काच वर केली आणि वळणापर्यंत आमच्या मागोमाग दिवे लावून हळूहळू आली. मनाने चांगली असावी. मला तिचा गळा दाबावासा वाटला.

त्यानंतर पंधरा दिवसांत एमलिन प्रोथेरो माझ्या दारात हजर. हॉर्नेट्सचा म्होरक्या. तुला तो काटकुळा मुलगा म्हणून आठवत असेल. आता तो पिंपासारखा झाला आहे, पण टाय मात्र अजून सरळ. हातात बायकोच्या हातच्या वेल्श केकचा डबा. (केक चांगले होते. शत्रूच्या हातचं असलं तरी जे चांगलं आहे ते चांगलं म्हणायला मला नन्सनी शिकवलं आहे.) त्याचं म्हणणं साधं होतं. त्यांच्याकडे पुरुष उरले आहेत, पण पाठीचा कणा शाबूत असलेले थोडे. आमच्याकडे बायका आहेत, पण फुंकणाऱ्या थोड्या. नव्या मुलांना शाळेच्या बँडमध्ये गुण मिळतात, आमच्याकडे फक्त ओरडा मिळतो. अग्निशमन दलाच्या बंबवाल्यांनी त्याला सांगितलं होतं की त्यांच्या यंदाच्या जत्रेच्या मिरवणुकीत एक धड पथक आणा, नाहीतर पुढच्या वर्षी ट्रकवर स्पीकर लावून देऊ.

मी त्याला म्हटलं, “एमलिन, स्पीकर लावा. स्पीकर बसच्या टपावर मासा तरी ठेवत नाही.”

तो म्हणाला, “आल्दोना, तो मासा वॉल्टरने ठेवला होता.”

(हे वॉल्टरला वाचून दाखव. मोठ्याने.)

मग पॅरिशच्या तळघरात आमची बैठक झाली. डोलोरेसने ठरवलं की मत गुप्त घ्यायचं, सिस्टर इमॅक्युलाटा वर्गाची मॉनिटर निवडताना घ्यायच्या तसं : घेवड्याचा पांढरा दाणा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही, आणि सगळ्यांनी एकेक करून सुपाच्या पातेल्यात टाकायचा. मी बैठकीत विलीनीकरणाच्या विरोधात असं बोलले की मार्सेलाने टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आपण खाणमजुरांच्या मुली, संत बार्बरा ही खाणमजुरांची संत, तिचं नाव आपण माश्यांच्या पायाशी ठेवणार का? नंतर पातेलं ओतलं, तर एका दाण्याने विलीनीकरण मंजूर. एका दाण्याने! डोलोरेस तेव्हापासून प्रत्येकीकडे अशी बघते की कोणीही तिच्यासमोर सूप खात नाही. कोणी तो दाणा टाकला याची चर्चा अजून चालू आहे. माझं म्हणणं, ज्या बाईने हे केलं तिने आपल्या मनाशी उत्तर द्यावं, आपण कशाला विचारायचं.

पुढच्या वाटाघाटींत मी जातीने होते, कारण शर्टाच्या फॅक्टरीत मी उभा जन्म कॉलर तपासल्या, वाकडं शिवलेलं मला लांबून दिसतं. नावावर महिना गेला. त्यांना हॉर्नेट्स सोडवेना, आम्हाला बार्बरा. शेवटी दोन्ही ठेवलं. फलकावर आता ‘सेंट बार्बराच्या गांधीलमाश्या’ असं आहे, आणि फादरनी तो आशीर्वाद द्यायला आणल्यावर पाणी शिंपडायच्या आधी तीनदा वाचला. गणवेशात आमचे पांढरे स्कर्ट आणि त्यांची काळी-पिवळी जाकिटं. एकत्र उभ्या राहिलो की आम्ही रस्त्याच्या कामाच्या अडथळ्यासारख्या दिसतो.

सराव कुठे करायचा यावरून मात्र कोणी मागे हटेना. आम्ही डोंगर ओलांडून त्यांच्या हॉलमध्ये जाणार नाही, ते आपल्या तळघरात येणार नाहीत. म्हणून ठरलं असं की बिगुलवाल्यांनी आपापल्या ठिकाणी तालीम करावी, कागद एकच, सूर एकच, मग अडचण काय. आणि ढोल व पावलं मधल्या बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये एकत्र बसवावीत. तिथे उजवीकडे कोणी उभं राहायचं यावरून जी जुंपली तिच्यात ढोलसुद्धा कमीच वाजले. बिगुल एकत्र वाजवून बघू, असं एकदा मार्सेला म्हणाली. सगळ्यांनी तिला सांगितलं, बिगुल म्हणजे बिगुल, तू आपली कवळी सांभाळ.

जत्रेचा दिवस. दोन्ही बाजूंना गर्दी, बटाट्याच्या ब्लीनी तळल्याचा वास, लोकांच्या हातांत कागदी ताटल्या. आम्ही रांगा धरून उभ्या. एमलिनने काठी वर केली, ढोल सुरू झाले, आणि खरं सांगते जेनी, ढोल इतके छान आले की माझ्या झांजा आपोआप वर गेल्या. कित्येक वर्षांत पाठीमागून एवढा आवाज आला नव्हता. एमलिनची काठी खाली आली. बिगुल सुरू झाले.

तुला कळलंच असेल. आमचे बिगुल जुने, आईच्या वेळचे, पट्टी पांढरी पाच. हॉर्नेट्सनी मध्ये कधीतरी ऐटीत नवे घेतले, त्यांची पट्टी काळी पाच. कागद एक, फुंकणं तेच, आणि निघतात दोन वेगळे सूर. अर्धं पथक एका पट्टीत आणि अर्धं दुसऱ्या पट्टीत, एकच गाणं, पूर्ण आत्मविश्वासाने. चूक दुसऱ्याची आहे याची दोन्ही बाजूंना इतकी खात्री होती की दोघांनीही आणखी जोरात फुंकलं. एका बाईच्या हातची ब्लीनी पडली. बंबवाल्यांचा तो ठिपक्याठिपक्यांचा कुत्रा ट्रकखाली गेला तो तासभर निघाला नाही. फादर, ज्यांना कमी ऐकू येतं, तेवढे टाळ्या वाजवत होते.

मी काय केलं विचारशील. झांजांना पट्टी नसते. मी त्या इतक्या जोरात आपटल्या की निदान मधूनमधून तरी कोणाला काही ऐकू येऊ नये.

मिरवणूक संपल्यावर तंबूत जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. डोलोरेस म्हणाली की हॉर्नेट्सची पट्टी प्रोटेस्टंट आहे. त्यांच्यातला एक म्हणाला की तुमचे बिगुल संग्रहालयात ठेवा आणि शेजारी तुम्हीही उभ्या राहा. मार्सेला कोपऱ्यात बसून, कवळी हातात घेऊन, “मी म्हटलं होतं” असं म्हणत होती, म्हणजे तिला तसं म्हणायचं असावं. बंबवाल्यांचा मुख्य आला आणि टोपी काढून म्हणाला की ऑक्टोबरात खाणमजुरांच्या स्मारकाचा रविवार आहे, तेव्हा एक शेवटची संधी देतो. तीही अशीच गेली तर यापुढे स्पीकर, आणि मग याला विचारा न् त्याला विचारा नको.

सगळे पांगल्यावर एमलिन दोन ब्लीनी घेऊन माझ्या बाकावर येऊन बसला. एक माझ्या हातात दिली, आपली दोन घासांत संपवली. मग म्हणाला, “रेजिनाच्या दिवशी मी फुटपाथवर उभा होतो.”

“मी पाहिलं होतं तुला. टोपी काढली होतीस.”

“ती मोटार आली तेव्हा मला वाटलं, माझ्या वेळी मागून मोटारसुद्धा यायची नाही.”

मी त्याला म्हटलं, तुझं वजन बघता निदान ट्रक तरी लागेल. तो हसला, आणि मग त्याने ते सांगितलं. त्यांच्या हॉलच्या तळघरात, नाताळच्या गोठ्याच्या पुतळ्यांखाली, हॉर्नेट्सचे जुने बिगुल तसेच पडून आहेत. पांढरी पाच. एकात उंदराने घर केलं आहे, बाकीचे वाजतात. आमच्या बायकांना नवे घेणं परवडायचं नाही हे त्याला दिसतं, तेव्हा तो त्याच्या माणसांना जुन्यांवर आणतो. त्या बदल्यात उजवी बाजू त्यांची. मी मान्य केलं (एका दिवसासाठी, असं मी मनात म्हटलं). तालीम एकत्रच, एकदा आमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. गेल्या गुरुवारी मी जन्मात पहिल्यांदा हॉर्नेट्सच्या हॉलमध्ये पाय ठेवला. स्वच्छतागृह आपल्यापेक्षा चांगलं आहे. हे डोलोरेसला सांगू नकोस.

तर अशी सगळी विटंबना आहे. एवढा वारसा, आणि शेवटी गांधीलमाश्या. तुला वाचून दुःख होईल हे जाणते, पण धीर धर, आणि वॉल्टरला त्या माशाबद्दल विचारायला विसरू नकोस. खुब्याला जप. मांजराला माझ्याकडून काहीही सांगू नकोस.

तुझी बहीण,
आल्दोना

ता. क. एक राहिलंच. वरच्या सुराचा, एकट्याने वाजवायचा तो लहान बिगुल हॉर्नेट्सच्या तळघरात सापडला नाही. त्यांचा वाजवणारा गेला तेव्हा त्याच्याबरोबर पुरला म्हणे. आपल्यातला तेवढा एकच या जगात शिल्लक आहे आणि तो तुझ्या सोफ्याजवळ बल्ब डोक्यावर घेऊन उभा आहे. बल्ब काढ, वायर ओढून काढ, आणि वॉल्टरने त्याला भोक पाडलं असेल तर मला आधीच कळव. एमलिन म्हणतो, भोक बुजवता येतं. वॉल्टरशी मी नंतर बोलेन. पोस्टाने पाठवू नकोस, पोस्टवाले आपटतात.

आणखी एक ता. क. म्हणजे तो तूच घेऊन ये. वरचा सूर इथे कोणाच्या ओठांना पेलत नाही, मार्सेलाच्या तर नाहीच. आता वाजवत नाही असं मला लिहू नकोस. नाताळच्या कार्डावर वॉल्टरने तळाशी लिहिलं होतं की तू गॅरेजचं दार लावून शेजाऱ्याकडून मागून आणलेला ट्रंपेट वाजवतेस आणि शेजारी तक्रार करत नाहीत. तू येणार असं मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे. तुझं जाकीट कमरेत दोन्हीकडून सैल केलं आहे. वॉल्टरलाही आण. ढोल त्याला देणार नाही, पण गाडी कोणीतरी चालवायला हवी.

शेवटचं ता. क. आणि हे वाचून पत्र फाडून टाक. तो दाणा माझा होता. त्या मोटारीतल्या बाईचा राग मला अजून येतो, पण तिचा काही दोष नव्हता. वळणावर पोचल्यावर डोलोरेसने ढोल थांबवला आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. एक ढोल थांबला तर तो थांबल्याचं कुणाला कळत नाही, जेनी. माझ्या वेळी थांबल्याचं कळायला हवं, मग ते थांबवणारे निम्मे हॉर्नेट्स असले तरी चालेल. आणि त्यानंतर तू वाजव. तू माझ्याआधी जाणार नाहीस, तुझा खुबा नवा आहे.

दिव्याची शेड मात्र तिकडेच राहू दे. ती मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती.