भडक, बटबटीत आणि जमनाची वाक्ये

शहादे, ता. ९ जानेवारी १९२७

पुण्याच्या एका कोशमंडळाचे पाकीट आले. खानदेशी शब्द हवेत. माझ्या वाट्याला आठवी यादी — 'अति चमकणाऱ्या, दिखाऊ वस्तूंची विशेषणे'. तळोद्याच्या शाळेतले पितांबर मास्तर याच यादीवर काम करतात. शेवटी दोघांनी मेळ घालावा अशी सूचना. पेन्शनीत बसून चार वर्षे झाली. काम आले, बरे झाले.

हात कापतो. स्वच्छ प्रत नेहमीप्रमाणे मुलगी काढील. जमनाचे अक्षर शाळेत असल्यापासून वळणदार. माझी सहीसुद्धा हल्ली तीच करते! ही वही तेवढी मी लिहितो, वाकडीतिकडी.

ता. १२

वहाबमियां बांगडीवाला गल्लीत आला. त्याला ओट्यावर बसवून शब्द विचारले. भडक म्हणता का? त्याने कानाला हात लावला. "भडक बोलने का नहीं, मास्तर! गिऱ्हाईक उठ जाता. हम बोलते — खुलता." लिहून घेतले. धंद्यात 'भडक'ला 'खुलता' म्हणतात.

मग म्हणाला, "बेटी को पूछो. छोटी थी तब सबसे चमकी वाली वोही लेती थी."

जमना दारात उभी होती. आत गेली. तिला बांगड्यांचे काय! परत आली त्याला अकरा वर्षे झाली.

ता. १३

तिला विचारले. पोळ्या लाटता लाटता तिने नऊ शब्द सांगितले. मी थक्क. भडक रंगाला. बटबटीत नक्षीला, तीही ओबडधोबड असेल तर. झगझगीत जरीला, पण ऊन पडले तरच. भपका लग्नाचा. बाईला चटकचांदणी — "आणि ते शिवीसारखं म्हणतात, आबा." ती अहिराणीत बोलली, मी इथे शुद्ध करून लिहितो. सवय!

ता. २०

यादी गेली.

ता. २ फेब्रुवारी

मंडळाचे उत्तर — प्रत्येक शब्दाला एकेक वाक्य द्या. वाक्य छोटे असावे.

जमनाला सांगितले, तूच कर. संध्याकाळी कागद आणून दिला.

भडक — "सासूने तिच्या भडक बांगड्या फोडल्या तेव्हा ती तेरा वर्षांची होती." लांब झाले. 'तेव्हा'पासून पुढचे खोडले.

झगझगीत — "झगझगीत शालू पेटीत ठेवला तर घडीवर फाटतो." चांगले.

बटबटीत — "लोकांना जे बटबटीत दिसते ते मला बरे दिसते." 'मला' कोशात शोभत नाही. 'काहींना' केले.

खोडलेले तिने पाहिले. प्रत काढली.

ता. १४

पितांबर मास्तर मेळ घालायला आले. वय पस्तिशीचे. बायको जाऊन दोन वर्षे झाली, मूल नाही. बोलणे मोकळे. 'चकपक' आणि 'झकपक' एकच, असे त्यांचे मत. मी होकार देणार तोच आतून आवाज — "एक नही शे!" जमनाचा! "भांडं घासं का चकपक व्हस. माणूस नटना का झकपक."

मी ओशाळलो. ते मात्र मोठ्याने हसले. दोन्ही शब्द निरनिराळे मांडले. मग दाराकडे तोंड करून आणखी सहा शब्द विचारले. आतून सहांची उत्तरे आली. चहा थंड झाला.

ता. २५

पितांबर मास्तरांचे पत्र. वाटले, यादीबद्दल असेल. नाही. जमनाशी पाट लावण्याची इच्छा आहे. 'त्यांना विचारून कळवावे.' त्यांना — म्हणजे जमनाला.

विचारले नाही.

ता. २६

चुलतभाऊ उखाजीला पत्र दाखवले. पूर्ण वाचलेसुद्धा नाही. "आपल्या घराण्यात विधवेचा पाट लावत नाहीत. तू लावलास तर तुझ्या घरचं पाणी बंद. माझ्या पोरीची सोयरीक ठरत आलीय, ती मोडली तर तुझ्या दारात आणून बसवीन."

त्याचे चूक म्हणता येत नाही. लोक विचारतात.

ता. २७

शेजारची दगूबाई ताक द्यायला आली. तिला कसे कळले कोण जाणे! म्हणाली, "मास्तर, तुमले पोरना तोंडकडे देखाले येळ शे का नही?"

ताक आंबट होते.

ता. १ मार्च

नकाराचे पत्र केले. चार ओळी. 'आपला मान राखून कळवतो की हे जमणार नाही.' हे तिच्याकडून लिहवून घेऊ नये असे वाटले होते. पण दुसरे कोण आहे?

कच्चा कागद तिच्या हातात दिला. वाचला. मी पाहात होतो — या खेपेला खरोखर तिच्या तोंडाकडे पाहात होतो. कपाळ कोरे, गाल बसलेले. चोवीस वर्षांची आहे. चाळिशीची वाटली.

"प्रत काढू?" तिने विचारले.

"काढ."

"सही?"

"तूच कर."

दुपारी टपालात टाकून आली.

ता. ४

मंडळाकडून पोच. वाक्ये पसंत.

ता. ६

जेवण गेले नाही. तिने दोनदा विचारले, आबा, बरं नाही का? बरा आहे म्हणालो.

ता. १० मार्च

सकाळी पितांबर मास्तर आले. बरोबर त्यांचे काका, नारळ, पानसुपारी. मला काही कळेना. उखाजी माझ्याशेजारीच ओट्यावर बसला होता. मास्तरांनी खिशातून माझे पत्र काढले आणि काकांनी ते सगळ्यांदेखत वाचले — 'आमची संमती आहे. मुलीलाही विचारले, तिचा होकार आहे. लवकर यावे.' खाली माझी सही.

उखाजी उठून उभा राहिला. "हे तू लिहिलंस?"

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"मीच लिहिलं," म्हणालो. "बसा, पितांबरराव."