भाऊंच्या उत्तरापुढे 'सांगता येत नाही' अशी नोंद झाल्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (मतपाहणी),
नागरिक मत-मापन केंद्र,
चकाला, अंधेरी (पूर्व), मुंबई.

विषय : विधानसभेविषयी मतदारांच्या नापसंतीच्या पाहणीत माझ्या वडिलांचे उत्तर चुकीचे नोंदवले गेल्याबद्दल, तसेच त्या मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणाबद्दल.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर : 'उत्तरदात्याने मूळ आधारकार्डासह समक्ष हजर राहावे.'

महोदय,

१. संदर्भ क्रमांक दोनमधील सूचना पाळता येत नाही, हे प्रथम कळवते. उत्तरदाते श्री. देवदत्त कोचरेकर, राहणार नाहूर, हे माझे वडील. आपल्या प्रतिनिधीने रविवारी त्यांची मुलाखत घेतली आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी ते हृदयविकाराने वारले. माझ्या पहिल्या अर्जाची पहिली ओळ हीच होती. ते समक्ष हजर राहू शकणार नाहीत. जिवंतपणीही त्यांना नाहूरहून अंधेरीला नेणे सोपे नव्हते. रस्ते खणलेले आहेत म्हणून त्यांनी सख्ख्या पुतण्याचे लग्न चुकवले होते. आधारकार्ड मात्र येऊ शकते. त्याची प्रत जोडली आहे.

२. वडिलांना सगळे भाऊ म्हणत, मीही. ते विधानमंडळाच्या सचिवालयात प्रतिवेदक होते, म्हणजे सभागृहात जे बोलले जाईल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचे आणि मग टंकून द्यायचे. हे काम पाळीपाळीने चालते. थोड्या वेळाने एक प्रतिवेदक उठतो आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो. याला ते टर्न म्हणत. ही सवय घरीही उतरली होती. आई होती तेव्हा तिची आणि माझी वादावादी सुरू झाली की भाऊ जरा वेळ लक्ष देऊन ऐकत आणि "माझा टर्न झाला, पुढचा या" असे म्हणून गॅलरीत निघून जात. पुढचा कोणीच नसे. जन्मभर दुसऱ्यांची वाक्ये लिहिलेला हा माणूस स्वतः फार थोडे बोले. फोनवर "बोल", "बरं" आणि "ठेवतो" एवढ्यात संभाषण आटपे.

३. अशा माणसासमोर आपली प्रतिनिधी, जान्हवी नावाची वाकोल्याची मुलगी, टॅब घेऊन बसली आणि म्हणाली, "काका, आवाज रेकॉर्ड होईल हां, क्वालिटी चेकिंगसाठी." भाऊंनी सदऱ्याचे वरचे बटण लावले. मी स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते. मलाही मत आहे असे मी आतून कळवले, पण "ताई, एका घरातून एकच" असे उत्तर आले. त्यामुळे पुढील मजकूर हा उघड्या दरवाज्यातून ऐकलेला आहे, याची नोंद घ्यावी.

४. पहिला प्रश्न होता, विधानसभेच्या कामकाजावर आपण समाधानी आहात का. भाऊ म्हणाले, नाही. तेवढ्यावर आपले काम झाले होते, पण टॅबने कारण विचारले. भाऊंचे म्हणणे असे की आमदार पूर्वीही भांडत, पण त्या भांडणात वाक्ये असत. कर्ता असे, क्रियापद असे, एखाद्या दिवशी मुद्दाही असे. आता विधेयक येते, मंडळी आसने सोडून मधल्या जागेत उतरतात, आणि आरडाओरड संपण्यापूर्वी विधेयक मंजूर झालेले असते. "नुसता गोंधळच लिहायचा तर प्रतिवेदक कशाला हवाय? 'गोंधळ' असा एक रबरी शिक्का करा आणि शिपायाच्या हातात द्या." सभागृह हल्ली इतक्या लवकर तहकूब होते की कँटीनचा चहा उकळायच्या आत सगळे गाडीत बसलेले असतात, असेही ते म्हणाले. मग आमच्या वस्तीतल्या पाण्याचा विषय निघाला. "आमच्या आमदाराने पाण्यावर शेवटचा प्रश्न विचारला, तो मी टंकलाय. निवृत्तीच्या आधी. उत्तर आलं, माहिती घेण्यात येत आहे. अजून घेतायत." इथे जान्हवी हसली. भाऊंनी लिहिले असते तर कंसात 'हशा' असे लिहिले असते.

५. दुसरा प्रश्न : या परिस्थितीला आपण कोणत्या पक्षाला जबाबदार धरता? भाऊ म्हणाले, "ज्याला मी मत दिलं, त्याला. बाकीच्यांना मी कुठे पाठवलं होतं तिथे?" महोदय, आपला अहवाल मी पूर्ण वाचला, रंगीत आलेखांसह. सत्ताधाऱ्यांचे मतदार विरोधकांना दोष देतात आणि विरोधकांचे मतदार सत्ताधाऱ्यांना, हे सांगायला आपण बरीच पाने घेतली आहेत. आपल्याच पक्षाला दोष देणारा एक मतदार आपल्याला नाहूरमध्ये सापडला होता. तो आपण हातचा घालवला.

६. ते असे झाले. जान्हवीने पक्षाचे नाव विचारले. भाऊंनी सांगितले. टॅबवर त्या नावाचे दोन पक्ष निघाले, कारण मधल्या काळात तो फुटला होता. "काका, यातला कुठला?" "मी मत दिलं तेव्हा एकच होता." "हो, पण आता दोन आहेत ना." "मग दोन्ही दाब." "दोन्ही घेत नाही हा." "मग मूळचा दाब." "काका, मूळचे आम्हीच असं दोघंही म्हणतात." भाऊंनी थोडा विचार केला आणि आपला आमदार ज्या तुकड्यात असेल तो तुकडा धरावा, असा तोडगा सुचवला. मग ते थांबले आणि आतल्या दिशेने म्हणाले, "शर्मी, आपला सध्या कुठे आहे गं?" मी म्हणाले, परवाच्या पेपरात इकडे होता, आजचा पेपर अजून वाचला नाही. "वाच मग. आणि चहात आलं जरा जास्त टाक, ही पोरगी वाकोल्याहून आलीय."

टॅब काही पुढे सरकेना. शेवटी जान्हवी म्हणाली, "काका, मी 'सांगता येत नाही' टाकते, नाहीतर हे असंच अडकून बसेल." भाऊ हसले. "म्हणजे माझं बोलणं कामकाजातून काढून टाकलं म्हण की." मग चहा संपवून ते उठले, "चला, माझा टर्न झाला, पुढचा या" असे म्हणाले आणि गॅलरीत गेले. जान्हवीबद्दल माझी तक्रार नाही. तिने पोहे मागून घेतले, यामुळे भाऊ खूश होते.

७. पुढचा दरवाजा सुनंदाकाकूंचा. त्यांनी सर्व पक्षांना सारखेच जबाबदार धरले आणि टॅबने ते पहिल्या फटक्यात घेतले. काकूंची तक्रार मुळात सोसायटीच्या पंपाबद्दल होती. त्यांचे मत वैध आहे आणि भाऊंचे नाही, हे मला अजून पचलेले नाही.

८. भाऊंचे तेरावे झाल्यावर आपल्या पाहणीचे निष्कर्ष वृत्तपत्रात आले. साठीपुढच्या मतदारांत 'सांगता येत नाही' म्हणणारे वाढले असून ज्येष्ठांचा राजकारणातला रस संपत चालला आहे, असे आपण म्हटले आहे. त्या वाढीत भाऊ आहेत. पाय प्लास्टरमध्ये असताना प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, चौघांच्या हातावर, शाळेच्या पायऱ्या चढून मतदान केलेला माणूस आपल्या आलेखात उदासीन म्हणून करड्या रंगात दाखवला आहे.

९. पहिल्या अर्जाचे उत्तर मिळाल्यावर मी आपल्या कार्यालयात फोन केला. श्री. प्रीतम नावाचे गृहस्थ सौजन्याने बोलले. "मॅडम, मत वारसाला ट्रान्सफर होत नाही," असे त्यांनी सांगितले. आमदार निवडून आला की माझे मत त्याच्यासोबत कोणत्याही पक्षात जाऊ शकते. मतदार वारला की मात्र ते जागचे हलत नाही, ही माहिती मला नवीन होती. उत्तरात दुरुस्ती हवी असेल तर उत्तरदाता समक्ष येऊ शकत नसल्यास त्याचा हयातीचा दाखला चालेल, असाही मार्ग त्यांनी दाखवला. हयातीचा दाखला भाऊ दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी न चुकता देत. या नोव्हेंबरात प्रथमच खाडा पडतो आहे. मधल्या काळात त्यांच्या फोनवर आपला आपोआप येणारा कॉलही येऊन गेला : पाहणीचा अनुभव समाधानकारक असल्यास एक दाबा. मी काही दाबले नाही.

१०. तरी विनंती अशी की भाऊंचे उत्तर 'ज्याला मत दिले तोच पक्ष, सर्व तुकड्यांसह' असे नोंदवावे. तसा पर्याय नसेल तर तो करावा. माझ्या अंदाजाने पुढच्या पाहणीत तो बऱ्याच जणांना लागेल. हे जमणार नसेल तर मी ही मागणी मागे घेते. भाऊंना तो निकाल मान्य होता. ते हसले होते.

११. दुसरी मागणी मागे घेता येत नाही. त्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण मला हवे आहे. आमच्या घरात भाऊंचा आवाज कुठेही नाही. लग्नांच्या व्हिडिओत ते मागच्या रांगेत तोंड मिटून उभे असतात. फोनवर त्यांचे संदेश आहेत ते टंकलेले, पूर्णविरामासकट. त्यांनी सलग बोललेले असे एवढेच आहे, आणि ते क्वालिटी चेकिंगसाठी आपल्याकडे आहे. वर्षअखेरीला जुनी मुद्रणे पुसली जातात, असे श्री. प्रीतम म्हणाले. सगळे देणे नियमात बसत नसेल तर विधानसभा आपण ठेवून घ्यावी, पक्षांची नावे कापावीत, गोंधळाचा शिक्काही कापावा. ते आतल्या दिशेने बोलले तेवढे मला पुरेल. माझे नाव आणि चहातल्या आल्याचे वाक्य.

१२. अशा अर्जासाठी आपल्याकडे 'ध्वनिमुद्रण मागण्याचे सबळ कारण' असा रकाना आहे आणि तो कोरा असेल तर अर्ज पुढे जात नाही, असे मला सांगण्यात आले. तो भरायला मी अनेकदा बसले. मी वाचन बऱ्यापैकी केले आहे आणि लिहिणे मला अवघड जात नाही, तरी तो रकाना कोरा राहिला आहे. अशा वेळी अडकून बसू नये म्हणून आपल्या टॅबमध्ये सोय आहे, ती मी पाहिली आहे. माझ्या बाबतीत तीच वापरावी, ही विनंती. कारण : सांगता येत नाही.

आपली,
पाठपुरावा न सोडणारी,

(सही)
शर्मिष्ठा देवदत्त कोचरेकर
(त्या घरातली दुसरी मतदार)
नाहूर, मुंबई.
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) मृत्यूचा दाखला.
२) वडिलांच्या आधारकार्डाची प्रत.
३) पेनड्राइव्ह, रिकामा.