प्रज्ञाची गाडी आणि तिची साक्षीदार

रवि., ९ नोव्हें., पिंप्राळा
सांगते मी, लिहिते सून. सुजाताचं अक्षर चांगलं, तोंड मात्र वाकडं. कारण विषय तिच्या लेकीच्या गाडीचा. 'प्रज्ञा' लांब पडतं म्हणून नुसतं प्र. लिहिणार म्हणते. लिही बाई.
प्र.ला मोटारसायकलवर एकटीने सांचीला जायचंय, स्तूप बघायला. माझा लेक मिलिंद म्हणाला, "रस्त्यात गाडी बसली तर कोण येणार?" ही म्हणाली, "कोण कशाला? मी आहे ना." मग बापाने अट घातली. येत्या रविवारी धुळ्याला जाऊन यायचं. काही बिघडलं तर स्वतः निस्तरायचं, फोन नाही, दुसऱ्याचा हात नाही. साक्षीला मी. धुळ्याला माझी धाकटी बहीण, मला बरंच झालं.
सुजाता म्हणते, मला हे पटलेलं नाही. तेही लिही.

मंगळ., ११
प्र.ने ओट्यावर हत्यारं मांडली. पाने, पक्कड, टोच्या, पायपंप, पंक्चरच्या भोकात भरायच्या रबरी दोऱ्या. देवळातल्या वातींसारख्या दिसतात, फक्त चिकट. पान्यांवर आकडे असतात म्हणे. मला कुठले आकडे! पण बोटांत फिरवला की कळतो. डोळे मिटून बसवलं मला. "आजी, बारा दे." दिला. "दहा." दिला. मग हीच चकली, चौदा समजून तेरा उचलला. बी.एस्सी. झालेली.
जुन्या लुगड्याची गुंडाळी शिवून दिली, ज्याचं त्याला खण. म्हटलं पाठीवरच्या पिशवीत घाल. "नको, पडले तर पाने पाठीत घुसतील. गाडीलाच बांधते." पडायचाही विचार केलाय पोरीने. सुजाताने हे लिहिताना पेन थांबवलं.

गुरु., १३
घोळ. माझाच.
प्र. कामावर. गाडीची चेन बघितली तर काळी, ओशट. म्हटलं चार लोकांत जाणार, अशी कशी? बंबातली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, तासभर घासली. कळशीसारखी लख्ख!
संध्याकाळी आली, बघितलं, खालीच बसली. चाक फिरवलं. करकर करकर.
"आजी, ते तेल चेनला लागतंच गं. आणि राख आत गेली तर चेन खाऊन टाकेल."
वाटीभर डिझेल, जुना टूथब्रश. एकेक कडी धुतली. फडक्याने कोरडी केली. मग चाक हळू फिरवत आतल्या बाजूने तेलाचा फवारा. शेवटी बोटाने चेन खालीवर करून झोल बघितला. एवढा हवाच म्हणे, ताणली तर तुटते. दोन तास गेले. एक शब्द बोलली नाही मला. माझी चूल कुणी अशी विस्कटली असती तर मी आठ दिवस ऐकवलं असतं. कुणावर गेली कोण जाणे. माझ्यावर नाही, सुजातावर तर नाहीच.
(सुजाता हसली. या आठवड्यात पहिल्यांदा.)

सोम., १७
कालचं आज. काल कंबर बोलायच्या स्थितीत नव्हती.
निघताना प्र.ने हवा, ब्रेक, दिवे, चेन बघितली. मी नऊवारीत, दोन्हीकडे पाय टाकून बसले. डोक्यावर हेल्मेट, हंडा पालथा घातल्यासारखं. पारोळ्याच्या पुढे गाडी मागून लचकायला लागली. उतरलो. मागच्या चाकात खिळा.
मी मनात म्हटलं, बरं झालं. मोठ्याने म्हटलं, अरेरे.
प्र.ने पकडीने खिळा उपटला. टोच्या घालून भोक मोठं केलं, घामाघूम. दोरी भरली, हवा मारली, दोरी फुस्सकन बाहेर. तेवढ्यात स्कूटरवरचे दोघे थांबले.
"काय व्हयनं माय? पंक्चर शे? ताई, सर बाजूले, आम्ही करी देतस."
प्र.ने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, खोटं का सांगू. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही भले लोक. पण हात लावला तर पोरीची परीक्षा बुडेल. सावलीत बसा आणि बघा."
बसले खरंच. एक तर मोबाईलवर शूटिंग करायला लागला, त्याला मी दटावलं.
दुसरी दोरी. या वेळी टोच्या जास्त वेळ फिरवला, डिंक लावला, अंगठा सोलून निघाला पण आत ढकललीच. परत हवा मारली. पाण्याची बाटली संपलेली, म्हणून भोकावर मी थुंकले. बुडबुडा नाही. स्कूटरवाला म्हणतो, "माय, आम्हालेबी शिकाडा." सत्तर वर्षांत बाईमाणसाकडून गाडी शिकायला मागणारा पुरुष पहिल्यांदा बघितला.
धुळ्याला पोचलो, जेवलो, परत आलो. मिलिंदने ऐकलं आणि म्हणाला, "जा बेटा."
सुजाता म्हणाली, "आई, तुम्ही नातीचीच बाजू घेणार. त्या दोघांनीच केलं नसेल कशावरून?"
हे तिनेच स्वतःच्या हाताने लिहिलंय. मी वगळू नको म्हटलं.

मंगळ., १८
सकाळी प्र. अंगणात गेली. हातात हातोडी आणि दोन इंची खिळा. आईला हाक मारली. "मम्मी, इथे बस." आणि पुढच्या चाकात, चांगल्या चाकात, खिळा ठोकला. मीच ओरडले. सुजाता नाही ओरडली.
बसून सगळं बघितलं तिने. उपटणं, टोच्या, दोरी, पंप. मध्येच म्हणाली, "अंगठ्याला चिंधी बांध आधी." साबणाचं पाणी स्वतः आणलं, स्वतः ओतलं. वाकून बघत राहिली.
प्र. म्हणाली, "आता?"
"उद्या सकाळपर्यंत हवा राहू दे. मग बघू."
आता ती भाकरी टाकतेय, मध्येच येऊन दोन ओळी लिहून जाते. दोनदा तव्यावरची भाकरी तशीच ठेवून अंगणात गेली, टायर अंगठ्याने दाबून आली. विचारलं, कसाय? म्हणाली, "घट्ट आहे." आणि परत निघाली. अगं, भाकरी करप…