इंग्रजी अक्षरांतली बायको

उमा,

घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये, हे माझं तत्त्व आहे. म्हणून तू अबोला धरल्यावर मी पोवई नाक्यावरच्या इंटरनेट कॅफेत जाऊन पुण्याच्या एका समुपदेशक बाईंना सगळं कळवलं. मराठी टाइप होईना, तेव्हा इंग्रजी अक्षरांत लिहिलं, की बायको मला फार छळते. बाईंनी ते 'चालते' असं वाचलं. त्यांचं उत्तर आलं, "बायको चालते, तर मग अडचण काय आहे?"

मी बराच विचार केला. अडचण सांगता येईना.

पाहुण्यांसमोर तुझ्या आमटीला नावं ठेवली, ते चुकलंच. तात्यांना घेऊन लोणंदला आत्याकडे जातोय, संध्याकाळी येऊ. तेव्हा बोल काहीतरी. विषय हवा असेल तर गॅस संपलाय.

सुमंत