फुकटच्या पुस्तकाची परीक्षा

स्टोनी फोर्क, केंटकी
२ ऑक्टोबर २०१७

ती. ऑर्फामावशीस लीटाचा कृ. सा. न. वि. वि.

टोमॅटोच्या बरण्या पोचल्या. इकडची बातमी मात्र बरी नाही. इतिहासाचं महागडं पुस्तक काढून फुकट पुस्तक लावायचा माझा प्रस्ताव कॉलेजच्या समितीत अडकला. वर्गातली निम्मी मुलं पुस्तकावाचून बसतात आणि तीच आधी गळतात, म्हणून एवढी धडपड.

चूक माझीच. किनाऱ्यावरच्या एका कॉलेजातल्या बाईंचं पुस्तक मी घेतलं. ते बदलून वापरायची मुभा त्यांनीच पहिल्या पानावर दिली आहे. त्यांचं नाव ठेवलं की झालं. मी सगळं आपल्या डोंगराजोगं केलं, पण एक स्वाध्याय तसाच राहिला: संध्याकाळी आपल्या बंदरावर जाऊन जुनी गोदी पाहा. विभागप्रमुख ब्लेव्हिन्सनी तो मोठ्यानं वाचला आणि विचारलं, की लीटाबाई, होडी कुठल्या डोंगराला बांधायची? सगळे खो खो हसले. डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे, तीही उपकार केल्यासारखी.

छापील प्रत सोबत आहे. वाचशील ना? हवं तितकं रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
लीटा

लेक्सिंग्टन
१३ ऑक्टोबर

चि. लीटास अ. उ. आ.

ब्लेव्हिन्स माझा विद्यार्थी. तेव्हाही त्याला दुसऱ्याच्या चुकाच आधी दिसायच्या. या वेळी तो बरोबर आहे, हे तुझं दुर्दैव.

दुसऱ्याचं लिखाण उचललेलं पाहून हात लाल पेनाकडे गेला होता. मुभेचं वाचलं, मागे घेतला. बाई उदार आहेत. त्यांच्या औदार्याला तू आळसाची जोड देऊ नकोस.

आणि खाणीतल्या संपाला अडीच ओळी? कंपनीनं घराबाहेर काढल्यावर तुझ्या आजोबांनी हिवाळा तंबूत काढला. महागड्या पुस्तकात त्याचा उल्लेखही नव्हता. निवृत्त होईपर्यंत मी प्रकाशकाला लिहीत राहिले. नव्या आवृत्तीला नवं मुखपृष्ठ यायचं, संप यायचा नाही. तुझ्या पुस्तकात तो उद्या घालता येतो, मग घाल. मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडे पाठव. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहायचं आणि जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहायचं.

दुरुस्त्या मागच्या बाजूला आहेत. रडू नकोस, कामाला लाग. आशीर्वाद कामानंतर दुप्पट.

ऑर्फामावशी

स्टोनी फोर्क
१७ जानेवारी २०१८

ती. मावशीस कृ. सा. न.

पुस्तक लागलं! संपाचं प्रकरण मुलांनीच लिहिलं. ब्लेव्हिन्सनी ते समितीत बराच वेळ वाचलं, दोन संदर्भ कच्चे आहेत म्हणून कुरकुरले आणि हात सर्वांआधी वर केला.

काल नव्या सत्राचा पहिला तास. विसावं पान काढा म्हटलं आणि सवयीनं थांबले. शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावणाऱ्यांची सरकासरक व्हायची असते ना! कुणी हललंच नाही. कुणाच्या फोनवर, कुणाकडे कॉलेजनं स्वस्तात छापलेली प्रत. सगळे विसाव्या पानावर. तुझा हात असाच डोक्यावर असू दे.

लीटा

लेक्सिंग्टन
२३ जानेवारी

चि. लीटास अनेक आशीर्वाद, कबूल केल्याप्रमाणे दुप्पट.

तुझं पत्र रविवारी चर्चमधल्या बायकांना वाचून दाखवलं. दोघींना ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा वाचलं.

तीस वर्षं शिकवलं, पण सगळ्यांपुढे पुस्तक उघडं असलेला वर्ग मला एकदाही मिळाला नाही. तुला मिळाला. आता सबब कुणालाच उरली नाही, तुलाही नाही. पहिली चाचणी कडक घे.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

ऑर्फामावशी