रामाच्या गाडीचं इंजिन

एडवण, ता. ५ नोव्हेंबर १९८४

ती. नामादादास,
हंसाचा वाकून नमस्कार, वि. वि.

आपली गाडी जव्हारच्या घाटातून ओढून तुझ्या अंगणात पोचल्याचं धर्माजीभावोजींनी सांगितलं. सहा महिने ती घाटात उभी होती आणि सहा महिने मी इथे ऐकते आहे. सुकी मासळी घेऊन नाशिकला निघालेली गाडी चढावर इंजिन जाम होऊन थांबली, चाकामागे दगड लावायला हे खाली उतरले आणि मागून आलेल्या ट्रकने त्यांना उडवलं, एवढंच मला ठाऊक. पण सासूबाई म्हणतात, माझ्याच पोराने तेल बघितलं नाय, आपल्या हाताने मेला. बाजारात बायका मला ऐकू जाईल अशा बोलतात, की गाडी कोरडी पळवली. दादा, हे तसे नव्हते. पट्टी काढून तेल बघितल्याशिवाय निघताना चहाही घेत नसत.

पुढे गाडी भावोजी चालवतील. पण आधी तू इंजिन खोल आणि काय झालं ते खरं कळव. अंगणात ऑइल सांडलं म्हणून वत्सलावहिनी भांडली तर सांग, यंदा हंसासाठी सोड.

आहे ती माया राहू दे.
हंसा

बेटेगाव, ता. १८ नोव्हेंबर १९८४

चि. हंसा हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

मायन्यात सवयीने 'सौ.' लिहून गेलो. ते अंतर्देशीय फाडलं, हे दुसरं.

आंब्याच्या फांदीला चेन-पुली बांधून इंजिन उतरवलं. वत्सला भांडली नाही. ऑइल धरायला घरचं घमेलंच आणून दिलं. पान्याने फिरवून पाहिलं तर आतला फिरता दांडा, क्रँक, तसूभर हलेना. हेड खोललं. गॅस्केट धड, लायनर चकचकीत, म्हणजे पाण्यावाचून गाडी तापलेली नाही. मग खालचा बोल्ट काढला, तर घमेलं भरून वाहिलं. तेल पुरेपूर होतं, हंसा. तुझ्या सासूबाईंना, जमनाबाईंना सांग, रामभाऊंनी कशात कसूर केली नव्हती.

एवढं तेल असून ते क्रँकपर्यंत वर का चढलं नाही, हे तळाचं चेंबर उतरवलं की कळेल. कळलं की लिहितो.

तब्येतीला जप, जेवत जा.
तुझा दादा

एडवण, ता. २४ नोव्हेंबर १९८४

ती. दादास,
हंसाचा शतदा नमस्कार.

तुझं पत्र सासूबाईंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग ओट्यावर बसून रडल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा. माझ्या लेकाला मी काय काय बोलले, एवढंच म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन बाजारात गेल्या आणि एकेका बाईला थांबवून सांगितलं, तेल भरलेलं होतं.

आता एक कर. ज्याच्या चुकीने हे झालं त्याचं नाव कळव. पार्ट विकणारा असो, कुणी मिस्त्री असो. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहीन. शिव्या देणार नाही. फक्त त्याने एकदा मला बघावं.

वहिनीला नमस्कार. वाट बघते.
हंसा

बेटेगाव, ता. २० डिसेंबर १९८४

चि. हंसा,

उत्तराला महिना लागला. चेंबर मी तुझं पत्र आलं त्याच दिवशी उतरवलं होतं.

तळातून तेल ओढणारी एक जाळी असते. तिला कापडाचा बोळा चिकटला होता. रॉकेलमध्ये धुतला तेव्हा निळ्या चौकटी दिसल्या. माझी जुनी लुंगी. गेल्या वर्षी गणपतीनंतर याच अंगणात हे इंजिन मी बांधलं होतं, हात पुसायला तीच फाडली होती. त्यानंतर ते कुणी उघडलेलं नाही. सात-आठ महिने बोळा आत फिरत राहिला आणि त्या चढावर जाळीवर येऊन बसला. तेल असून बेअरिंगं कोरडी पडली, क्रँकला वितळून चिकटली.

चुलीत टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. वत्सला तेच म्हणाली, की नवरा गेला, हंसाला भाऊ तरी राहू दे. मी दोनदा चुलीपर्यंत जाऊन आलो. पण तू नाव मागितलं आहेस. नामदेव.

तुला दारात यायला नको. बोलाव, मी येऊन उभा राहतो. इंजिन दुसऱ्याकडून बांधून घ्या. सगळे भाग धुऊन गोणपाटावर मांडून ठेवले आहेत.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.
नामदेव

एडवण, ता. ३० जानेवारी १९८५

दादा,

नमस्कार लिहिलेला नाही, समजून घे.

पत्र मी लपवलं नाही, वाचून दाखवलं. सासूबाई उठल्या आणि बोंबील वाळत घातले होते तिथे जाऊन बसल्या. दिवसभर जेवल्या नाहीत. भावोजी म्हणाले, बोईसरला दुसरा मिस्त्री बघतो. मी नको म्हटलं. आता त्या चेंबरात तू बघशील तसं दुसरं कुणी बघणार नाही. इंजिन तूच बांध.

माफ केलं असं लिहायला तीनदा बसले. नाही जमलं. खोटं लिहून पाठवू का?

हंसा

बेटेगाव, ता. १७ मार्च १९८५

चि. हंसा,

इंजिन बांधून झालं. क्रँक घासून घेतला, बेअरिंगं सगळी नवी. कामाजवळ कापड येऊ दिलं नाही, हात मातीने घासून धुतले. चेंबर बंद करण्याआधी वत्सलाला बोलावून आत बघायला लावलं, मग धर्माजींना. मग परत मी बघितलं. मगच बोल्ट आवळले. चार तास चालवून पाहिलं, तेलाच्या दाबाचा काटा जागचा ढळला नाही. धर्माजी गाडी घेऊन गेले. निघताना माझ्याशी बोलले नाहीत, पण पट्टी काढून तेल बघितलं.

नामदेव

एडवण, ता. २५ मार्च १९८५

दादा,

गाडी नाशिकची पहिली खेप करून काल परत आली. वळणावर आवाज ऐकला आणि सासूबाई नेहमीसारख्या उठल्या, चुलीवर पाण्याचा हंडा चढवला. खेपेहून आले की हे आधी अंघोळ करायचे. पाणी तापत आलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. तशाच हंड्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी उतरवायला गेले तर हात धरला. भावोजी दारात आले, त्यांना म्हणाल्या, पाणी हाय, तू कर अंघोळ. भावोजींनी गुमान केली.

ये, असं अजून लिहवत नाही. पण पत्रं थांबवू नको. उत्तर देईनच असं नाही. वाचेन मात्र.

हंसा